पुणे ते नगर 'मिशनरी हेरिटेज' वन डे ट्रिप – पैसे वसूल झाले का?

आधीच सांगते, ट्रिपवाल्यांचं नाव लिहीत नाहीये. पोरं नवीन आहेत, धंदा नवीन आहे, मी लिहिलेल्या एका ओळीनं कुणाचं बुकिंग कॅन्सल व्हायला नको. पण जे झालं ते सगळं लिहिणार, कारण माणशी १८५० रुपये दिलेत आणि आईचे धरून दुप्पट.

तर पॅकेज असं होतं की सकाळी साडेसहाला शिवाजीनगरहून सतरा सीटर ट्रॅव्हलर, वाटेत नाश्ता, नगरला (आता अहिल्यानगर म्हणायचं, आमच्या तोंडात अजून नगरच येतं) जुनं मिशन कंपाउंड, चर्च, शाळा, छापखान्याचा इतिहास, दुपारचं जेवण, मग वडाळा, मग कबरस्तान, संध्याकाळचा चहा आणि रात्री आठला परत. सोबत एक गाईड आणि सोळा पानी पुस्तिका. मी बुक केली ती आईसाठी. आई नगरची, सातवीपर्यंत तिथल्या मिशनच्या एका शाळेत शिकली, आणि गेली वीस वर्षं "एकदा जाऊन येऊ गं" चाललंय. आम्ही ख्रिस्ती नाही हे पण सांगून टाकते, नाहीतर खाली कुणीतरी विचारणारच.

बस सात वाजून दहा मिनिटांनी निघाली. वाघोलीत ट्रॅफिकमधे जे व्हायचं ते झालं. शिरूरच्या अलीकडे नाश्ता, पोहे ठीक, चहा फार गोड, बाथरूम बऱ्यापैकी स्वच्छ, हे महत्त्वाचं कारण बसमधे निम्मे लोक साठीच्या वरचे होते.

गाईड पंचविशीतला मुलगा, आवाज मस्त, कॉलर माईक लावलेला, पाठांतर दांडगं. रांजणगाव मागे पडलं तसं त्यानं सुरू केलं आणि पहिलंच वाक्य, "इंग्रज आले, आणि येताना मिशनऱ्यांना घेऊन आले." मी आईकडे बघितलं, आई खिडकीबाहेर बघत होती.

आता हे वाक्य आपण सगळ्यांनी शाळेपासून ऐकलंय त्यामुळे त्या पोराला दोष कसा द्यायचा, पण नगरच्या गोष्टीत तरी ते साफ उलटं आहे. नगरला आले ते इंग्रज नव्हतेच, अमेरिकन होते. आणि कंपनी सरकारनं त्यांना आणलं नाही, हाकलायचा प्रयत्न केला. १८१२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या सेलम गावी पाच तरुणांना दीक्षा दिली, जडसन, न्यूएल, नॉट, हॉल आणि राईस, आणि ते कलकत्त्याला निघाले. कंपनीला भीती ही की धर्माच्या भानगडीत पडलो तर लोक बिथरतील, शिपाई बिथरतील आणि व्यापार बुडेल. त्यात त्याच वर्षी अमेरिका आणि इंग्लंडची लढाई जुंपली. म्हणजे हे नुसते पाद्री नाहीत तर शत्रूच्या देशाचे पाद्री! कलकत्त्यात उतरल्या उतरल्या परत जा म्हणून हुकूम. जडसन ब्रह्मदेशाकडे गेला, न्यूएलची बायको हॅरिएट मॉरिशसला बाळंतपणानंतर वारली, वय वर्षं १९. आणि हॉल आणि नॉट कसेबसे ११ फेब्रुवारी १८१३ ला मुंबईत पोचले. तिथे गव्हर्नर सर इव्हान नेपियन. माणूस मनानं बरा, पण कलकत्त्याहून पत्र आलेलं की यांना बोटीत घालून इंग्लंडला पाठवा. हे दोघं गुपचूप गलबतानं कोचीनला पळाले, तिथून धरून परत आणले. अर्ज, विनंत्या, महिनोनमहिने. शेवटी राहू दिलं. तिकडे लंडनमधे त्याच १८१३ साली कंपनीची सनद बदलली आणि मिशनऱ्यांना दार किलकिलं झालं.

ही गोष्ट किती भारी आहे बघा, पळापळ, बोटी, हुकूम, सगळं आहे त्यात, आणि गाईडनं ती सोडून दिली आणि "इंग्रज घेऊन आले" एवढ्यावर भागवलं. अर्थात पुढे चित्र पालटलं, कंपनीच्या शाळांना पुस्तकं हवी होती, मिशनला जमिनी हव्या होत्या, साहेब साहेबाला ओळखतो, कलेक्टर आणि पाद्री संध्याकाळी एकाच टेबलावर, ते कोण नाकारतंय. पण सुरुवात तशी नव्हती आणि सुरुवात माहीत नसली की पुढचं सगळं एकाच रंगात दिसतं.

मग त्यानं गोव्याचा विषय घेतला. इन्क्विझिशन (पोर्तुगीजांचं धर्म-न्यायालय), देवळं पाडली, जबरदस्ती, आणि तिथून थेट "म्हणून नगर". मागच्या सीटवर वसईचे एक काका होते, इतका वेळ शांत, ते म्हणाले, "भाऊ, आमचा बाप्तिस्मा पोर्तुगीजांच्या काळातला, चारशे वर्षांवरचा, कॅथलिक. नगरचे प्रॉटेस्टंट, अमेरिकन. आमचं त्यांचं चर्चसुद्धा एक नाही. तू सगळी भाजी एकाच पातेल्यात टाकली." बस हसली. गाईड पण हसला, हे त्याचं चांगलं, लागलं नाही त्याला. मला त्यात एक गंमत सुचली ती मी बोलले नाही, इथे लिहिते. गोव्याचं इन्क्विझिशन बंद झालं १८१२ ला, म्हणजे ज्या साली ते पाच अमेरिकन बोटीत बसले त्याच साली. एक दुकान बंद होताना दुसऱ्या गल्लीत दुसऱ्या मालकाचं उघडावं तसं, आणि माल पण वेगळा. आणि पोर्तुगीजांकडेही सगळं एकसारखं नव्हतंच, थॉमस स्टीफन्ससारखा जेझुइट पंथाचा कॅथलिक पाद्री १६१६ मधे मराठीत ओव्या लिहून ख्रिस्तपुराण छापतो आणि मराठीचं कौतुक करतो, आणि त्याच राज्यात इन्क्विझिशनही चालू असतं. हे दोन्ही एकाच वाक्यात बसवणं गाईडला काय, मलाही जमत नाही.

नगरच्या वेशीजवळ आलो तर पाटी दिसली केडगाव. गाईड लगेच, "आणि मंडळी, हेच ते केडगाव जिथे पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन..." आई पहिल्यांदा बोलली. "अरे बाळा, ते दौंडचं केडगाव. हे नगरचं. इथे रमाबाई नाहीत." मुलानं फोन काढून बघितलं, कान लाल. मला कीव आली पण पैसे पण आठवले. साधी गोष्ट आहे, रस्त्यावरची पाटी आणि आपलं पाठांतर एकदा ताडून बघायचं.

आता नगर. ख्रिस्त गल्लीत उतरलो, ह्यूम मेमोरियल चर्च बाहेरून आणि आतून थोडं बघितलं. तिथल्या बाईंनी आम्हाला सलाम केला, आईनं पण सवयीनं सलाम केला, मी बघतच राहिले, घरी कधी ऐकलं नव्हतं. आई म्हणाली, शाळेत बाईंना असंच करायचो. इथे गाईडला मोकळं सोडलं तर तो खरंच छान बोलतो. डिसेंबर १८३१ ला अमेरिकन मराठी मिशननं, म्हणजे त्याच हॉल-नॉटच्या मिशननं, नगरला ठाणं मांडलं, पेशवाई जाऊन तेरा वर्षं झालेली, लष्करी छावणी, हवा चांगली, मुंबईत तर कॉलऱ्यानं माणसं टिकेनात. ग्रेव्हज, रीड आणि हर्वी अशी तीन साहेबांची नावं त्यानं सांगितली. मी वाट बघत होते चौथ्या नावाची. आलं, पण कसं, "आणि त्यांच्याबरोबर एक स्थानिक मदतनीस होता."

त्या मदतनिसाला नाव आहे. बाबाजी रघुनाथ. ब्राह्मण, मुंबईत १८३१ ला ख्रिस्ती झालेला. नगरला आलेल्या साहेबांना मराठी कामापुरतं यायचं, लोकांशी बोलायचा तो बाबाजी. शहरातल्या आंधळ्या-पांगळ्यांसाठी, अन्नाला मोताद झालेल्यांसाठी एक आश्रयाची जागा होती तिथे बसून तो रोज बोलायचा, आणि नगरमधले अगदी पहिले ख्रिस्ती त्या जागेतून आले. म्हणजे वाड्यातून नाही, दरबारातून नाही. हर्वी १८३२ ला कॉलऱ्यानं गेला, बाबाजी १८३३ ला कॉलऱ्यानंच गेला. रीडनं पुढे अमेरिकेत जाऊन बाबाजीचं चरित्र छापलं, तिकडे लोकांनी वाचलं, आणि इकडे नगरच्या ट्रिपमधे तो 'स्थानिक मदतनीस'. माझा सगळ्यात मोठा ऑब्जेक्शन हाच. पूर्ण दिवसात साहेबांची नावं मी मोजली, अकरा. मराठी माणसांची, रेव्हरंड ना. वा. टिळक आणि फुले सोडून, दोन. हरिपंत खिस्तींचं नाव नाही, रामकृष्णपंत मोडकांचं नाही. ज्या लोकांनी घर सोडलं, वारसा सोडला, जातीतून बाहेर फेकले गेले, ज्यांच्या मराठीत ते सगळं पोचलं, ते बॅकग्राऊंडला.

पुस्तिकेबद्दल इथेच लिहून टाकते. कागद छान, जाड, रंगीत छपाई, फोटोंखालच्या ओळी दोन ठिकाणी अदलाबदल झाल्यात. त्यात लिहिलंय की 'ज्ञानोदय' हे मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र. नाही हो! 'दर्पण' जानेवारी १८३२, बाळशास्त्री जांभेकर, हे तर सहावीतल्या पोराला पाठ असतं, ६ जानेवारीला पत्रकार दिन पण असतो. ज्ञानोदय जून १८४२ ला नगरमधे हेन्री बॅलंटाईननं काढलं. पण त्याचं खरं वैशिष्ट्य वेगळंच आहे, ते अजून निघतं! १८४२ पासून आजपर्यंत. एवढं सांगितलं असतं तरी लोकांनी तोंडात बोटं घातली असती, उगाच 'पहिलं' कशाला करायचं.

छापखान्याचा भाग पुस्तिकेत अर्धं पान आहे आणि माझ्या मते ट्रिपमधे तो एक तास असायला हवा. अमेरिकन मिशनचा छापखाना मुंबईत १८१७ ला सुरू झाला, टाईप कलकत्त्याहून आणलेला, बार्डवेल नावाचा मिशनरी छपाई शिकून आलेला. पुढे तिथे थॉमस ग्रॅहम आला, त्यानं देवनागरीचे ठसे इतके देखणे पाडले की लोक छापील मराठी आवडीनं वाचायला लागले. आणि त्या छापखान्यात हाताखाली काम करणारी आपली माणसं कोण होती? गणपत कृष्णाजी, ज्यानं बाहेर पडून स्वतःचा छापखाना काढला आणि पंचांगं छापली. जावजी दादाजी, ज्यांनी पुढे निर्णयसागर काढलं, १८६९. म्हणजे ज्या मिशनला हिंदू धर्माची पुस्तकं मागे पडायला हवी होती त्याच मिशनच्या छापखान्यात शिकलेल्या माणसानं घरोघरी स्वच्छ सुंदर टाईपात संस्कृत ग्रंथ आणि पोथ्या पोचवल्या. हॉल आणि नॉटला बोटीत कुणी हे सांगितलं असतं तर त्यांनी कपाळाला हात लावला असता. हॉल बिचारा बघायला राहिलाच नाही म्हणा, १८२६ ला नाशिककडे गेला होता, तिकडे कॉलऱ्याची साथ, औषधं वाटली, परत येताना त्यालाच झाला आणि एका खेड्यात देवळाच्या ओसरीत वारला. देवळाच्याच! त्याच वर्षी त्यांचा मराठी नवा करार छापून पूर्ण झाला होता.

शाळेचा भाग मात्र फुल मार्क. इथे गाईडची तयारी होती, आवाज पण बदलला त्याचा. मुंबईत मुलींची पहिली शाळा १८२४ ची, याच मिशनची. १८२७ ला सिंथिया फॅरार आली, एकटी, लग्न न झालेली, अमेरिकेनं अशी बाई परदेशी मिशनवर पाठवायची ही अगदी सुरुवातीची वेळ. १८३९ पासून नगरला, आणि १८६२ ला नगरलाच वारली. पस्तीस वर्षं मुली शिकवल्या. जोतीराव फुले नगरला मित्राकडे, गोवंड्यांकडे आले होते तेव्हा त्यांनी ही शाळा पाहिली, आणि आपल्याकडे मुलींना असं शिकवत नाहीत ही टोचणी घेऊन पुण्याला गेले, १८४८ ला भिडे वाडा. सावित्रीबाईंनी पण अध्यापनाचं शिक्षण फॅरारबाईंकडे घेतलं असं त्यांचे चरित्रकार लिहितात. गाईडनं एक चांगली गोष्ट केली, फुले ख्रिस्ती का झाले नाहीत हा प्रश्न बसलेल्यांना विचारला आणि उत्तर न देता थांबला. एक काकू म्हणाल्या, "त्यांना शाळा पाहिजे होती, चर्च नको होतं." यावर कुणी काही बोललं नाही. १८७३ ला त्यांनी सत्यशोधक समाज काढला, त्यात पुरोहित कुठलाच नको होता, आपला पण नको आणि त्यांचा पण नको.

इथेच आई सुरू झाली आणि गाईडनं माईक तिच्या हातात दिला, त्याला या एका गोष्टीसाठी मी अर्धा स्टार जास्त दिलाय. आई म्हणाली, आमच्या शाळेत सगळ्या बाई मराठी होत्या, गोरी बाई वर्षातून कधीतरी यायची, आम्ही रांगेत उभं राहायचो. नाताळला कीर्तन असायचं. कीर्तन! टाळ, पेटी, झांज, उभा कीर्तनकार, फक्त आख्यान येशूचं. तिला ते इतकं नेहमीचं वाटायचं की मोठी होईपर्यंत तिला कळलंच नाही की यात काही वेगळं आहे. आणि मग ती म्हणाली ते मी कधी ऐकलं नव्हतं. "शाळेतून आलं की ओसरीत कपडे बदलायचे आणि मग आत जायचं. माझी आजी दारात कळशी घेऊन उभी असायची. शिकायला पाठवायचे, पण विटाळ घरात नको." बसमधल्या तीन-चार म्हाताऱ्या बायका माना हलवायला लागल्या. एक म्हणाली, "आमच्याकडे पण."

तो कीर्तनाचा प्रकार नगरमधूनच निघाला, कृष्णराव रत्नाजी सांगळे या माणसानं १८६० च्या दशकात ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. साहेब लोक प्रवचन द्यायचे, लोक जांभया द्यायचे. सांगळ्यांना माहीत होतं की मराठी माणूस टाळ वाजला की थांबतो. गाईडकडे हे नाव नव्हतं. मी दिलं, त्यानं फोनमधे लिहून घेतलं.

जेवण. घरगुती खानावळ, शिपी आमटी, बाजरीची भाकरी, ठेचा, भात. यावर मी एक पूर्ण रिव्ह्यू लिहू शकते. आमटीचा काळा रंग, वर तवंग, पहिल्या घासाला डोळ्यात पाणी. आईनं दोन भाकऱ्या खाल्ल्या, घरी एक खात नाही. व्हेजच होतं, नॉनव्हेज सांगितलं असतं तर आधी कळवा म्हणाले. जेवणाला पाचपैकी पाच, त्यावर चर्चा नाही.

जेवताना वाद झाला. होणारच होता. एक गृहस्थ म्हणाले, "दुष्काळात पोटासाठी बाटले सगळे, तांदळाचे ख्रिस्ती." वसईचे काका काही बोलले नाहीत, भात कालवत राहिले. गाईडनं विषय बदलला आणि इथे माझ्या मते त्यानं पळ काढला, कारण हा प्रश्न या ट्रिपचा गाभा आहे आणि त्याला उत्तर आहे, एका ओळीत नसलं तरी. १८७६ ते ७८ चा दुष्काळ, मग १८९६-९७, मग छप्पन्नचा (संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००). नगर जिल्हा म्हणजे दुष्काळाचं माहेरघर. मिशननं अन्न दिलं, अनाथ पोरं सांभाळली, नगरच्या मिशनमधल्या रॉबर्ट ह्यूमला या कामासाठी सरकारनं कैसर-ए-हिंद पदक दिलं. दुष्काळानंतर मंडळ्यांचे (चर्चच्या सभासदांचे) आकडे वाढले हे खरंच आहे, नाकारण्यात काही अर्थ नाही. पण आले ते बहुतेक महार आणि मांग, आणि त्यांच्यासाठी गावात दुष्काळ नसतानाही पाणवठा नव्हता, शाळा नव्हती, देवळाची पायरी नव्हती. ज्याला आपण आपल्या घरात घेत नव्हतो तो दुसऱ्याच्या घरात गेला म्हणून रागावायचं, हे मला जरा अवघड जातं. आणि मिशन म्हणजे काही जात विसरलेली जागा होती असंही नाही, भांडणं तिथेही होती. १८७० च्या दशकात इंग्रजांचं एस.पी.जी. नावाचं, चर्च ऑफ इंग्लंडचं मिशन नगरला आलं आणि दोन्ही मिशनांची तीच माणसं आपल्याकडे ओढायची चढाओढ लागली. म्हणजे बिचाऱ्या माणसानं आधी जात सोडली आणि मग त्याला कुठलं चर्च हा प्रश्न.

दुसऱ्या बाजूचं पण सांगायला पाहिजे. घरच्यांना जे भोगावं लागलं ते खोटं नव्हतं. १८४३ ला नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले, त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत पण मिशनमधे राहायला गेला, वडील कोर्टात गेले, पोरगा परत मिळाला, आणि मग त्याला जातीत घ्यायचं की नाही यावर मुंबई-पुण्यात रणकंदन. बाळशास्त्री जांभेकर म्हणाले प्रायश्चित्त देऊन घ्या, तर त्यांच्यावरच बहिष्काराची वेळ. १८५० ला कायदा झाला की धर्म बदलला म्हणून वारसा जाणार नाही, त्यावर हिंदूंकडून अर्जांवर अर्ज गेले. विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूत उभे राहून १८५७ ला मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालायचे, हजारो लोक ऐकायला. मिशनऱ्यांची भाषा आपल्या देवांबद्दल फार वाईट असायची, त्या काळची पत्रकं वाचली तर आज पण राग येतो. हे सगळं त्या जेवणाच्या टेबलावर आलं असतं तर तांदळावर गाडी अडकली नसती.

आता खरी तक्रार. वडाळा! कार्यक्रमात छापलंय, जाहिरातीत फोटो टाकलाय, आणि जेवणानंतर गाईड म्हणतो की वेळ कमी आहे, वडाळा कॅन्सल. अहो, संभाजीनगर रस्त्याला नेवासे तालुक्यात आहे ते, जाऊन-येऊन किती वेळ लागतो हे पॅकेज बनवताना नकाशात बघायचं असतं. मी मुख्यतः त्यासाठी उत्सुक होते कारण तिथला सॅम्युअल फेअरबँक हा माणूस मला या सगळ्यात सगळ्यात जास्त आवडतो. पाद्री तर पाद्री, पण शेतकऱ्यांना सुधारलेले नांगर दाखवणारा, मराठी भजनांचं पुस्तक जमवणारा, आणि पक्ष्यांच्या मागे वेडा. दक्षिणेत पळणीच्या डोंगरात सापडणाऱ्या एका लाफिंगथ्रशला याचं नाव आहे, फेअरबँकी. नगरच्या माळरानावर राहिलेल्या माणसाचं नाव घेऊन तो पक्षी आजही तिकडे ओरडत फिरतोय. आणि आम्ही त्या वेळात काय केलं? एका दुकानात पन्नास मिनिटं 'शॉपिंग टाईम'. साड्या. ते कुणाचं दुकान आणि किती कमिशन ते मी विचारलं नाही. त्यापेक्षा चर्चिलच्या मागाबद्दल सांगितलं असतं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नगरच्या मिशनमधल्या या इंजिनिअरनं हातमागाचं सुधारित यंत्र बनवलं होतं, साड्यांच्या दुकानात उभं राहून सांगण्यासारखी यापेक्षा चांगली गोष्ट कुठली असणार.

शेवटचा थांबा कबरस्तान. कुलूप. परवानगी आधी घ्यायला लागते, ती घेतली नव्हती, गाईड फोन करत राहिला आणि आम्ही फाटकाबाहेर. आत जायला मिळालं नाही म्हणून काही लोक चिडून बसमधे जाऊन बसले. मी आणि आई भिंतीच्या सावलीत उभ्या. रेव्हरंड टिळकांबद्दल गाईडनं तिथेच उभ्या उभ्या सांगितलं, घाईघाईत, १८६१ चा जन्म, १८९५ ला बाप्तिस्मा, १९१९ ला मृत्यू, थोर कवी, संपलं. अरे, या माणसानं मिशनच्याच नाकावर टिच्चून म्हटलं की ख्रिस्त आमचा असू द्या, पण कोट-पाटलोण घालून नको. ज्ञानोदयाचा मराठी भाग सांभाळला, ओव्या-अभंगांच्या चालीवर भजनं लिहिली जी आजही मराठी चर्चमधे गातात, बालकवी ठोंबऱ्यांना नगरला घरात ठेवून घेतलं, आणि १९१७ मधे मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' नावाची ख्रिस्तभक्तांची स्वतंत्र मंडळी मांडली. नोकरी सोडून, साठीकडे झुकलेला माणूस.

आणि त्यांच्या बायकोचं, लक्ष्मीबाईंचं तर नावही आलं नाही! मी विचारलं तर म्हणाला, "ताई, वेळ." नवरा बाटला म्हटल्यावर ही बाई काही वर्षं त्याच्याशिवाय राहिली, मग त्याच्याकडे आली तरी सोवळं सांभाळत, वेगळं जेवत, आणि मग १९०० ला स्वतः बाप्तिस्मा घेतला, आणि त्या सगळ्याकडे हसून बघता येतं हे आपल्या आठवणींत असं लिहून ठेवलं की मराठी वाचणारा माणूस आजही ते वाचताना मधेच थांबून शेजारच्याला वाचून दाखवतो. शाळा धड झालेली नाही, लिहिणं उशिरा आलेलं. मिशनरी इतिहासाची ट्रिप नगरला आणायची आणि लक्ष्मीबाई नाहीत, म्हणजे पंढरपूरला जाऊन चंद्रभागा न बघता येणं.

आई मात्र शांत होती. मी विचारलं, पाय दुखतात का. म्हणाली, "आमच्या शिवणाच्या बाई पण इथेच असतील गं." मग म्हणाली, त्या बाईंनी तिला पहिल्यांदा काजं करायला शिकवलं, आणि वार्षिक परीक्षेला तिचा रुमाल पहिला आला म्हणून त्यांनी घरी बोलावून चहा दिला, आणि तो चहा तिनं प्यायला, आणि घरी सांगितलं नाही. साठ वर्षांनी मला सांगितलं, कुलूप लावलेल्या फाटकासमोर.

परतीला वाघोलीत परत दीड तास. घरी पावणेअकरा. दुसऱ्या दिवशी मी ट्रिपवाल्यांना वडाळा आणि कबरस्तानाबद्दल मेसेज केला, त्यांनी वाद न घालता माणशी ३०० रुपये परत केले आणि पुढच्या वेळी परवानगीचं आधी बघू म्हणाले. गाईडनं वेगळा मेसेज केला, "ताई, बाबाजी रघुनाथ टाकलंय नोट्समधे. केडगावचं पण."

एकूण पाचपैकी साडेतीन. जेवणामुळे आणि माईकमुळे साडेतीन, नाहीतर अडीच. जायचं असेल तर हिवाळ्यात जा, साड्यांच्या दुकानात उतरू नका, बसमधेच बसा आणि ड्रायव्हरकाकांशी बोला, ते नगरचेच आहेत आणि गाईडपेक्षा त्यांना जास्त माहीत आहे. आणि घरात कुणी म्हातारं माणूस मिशन शाळेत शिकलेलं असेल तर त्यांना खिडकीची सीट द्या आणि गाईडच्या जवळ बसवा. आई आता विचारतीये की दौंडच्या केडगावला कोणी ट्रिप नेतं का, कुणाला माहीत असेल तर सांगा.